इंग्रजी शब्दसंपदा पुढच्या टप्प्यावर नेताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

इंग्रजी बातमी समजते, फॉर्म भरता येतो, पर्यटकाशी कामापुरतं बोलता येतं. पण अग्रलेख वाचताना तिसऱ्या ओळीलाच अडखळायला होतं आणि लिहायला बसलं की गुड, बिग, इम्पॉर्टंट, प्रॉब्लेम हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. या टप्प्यावर अडकलेले बहुतेक जण एकच उपाय करतात. ‘प्रगत शब्द’ म्हणून फिरणारी एखादी यादी मिळवतात, ‘ए’पासून सुरुवात करतात, रोज पन्नास शब्दांसमोर एकेक मराठी अर्थ लिहितात आणि ‘सी’ यायच्या आत सोडून देतात. मेहनत खरी असते, क्रम उलटा असतो.

शब्द आधी वाचनात भेटायला हवा. मग तो घ्यायचा की सोडायचा हे ठरवायचं, मग कोशात नीट बघायचा, मग न बघता आठवायचा आणि शेवटी वापरायचा. यादी पाठ करणारा पहिल्या दोन पायऱ्या गाळतो आणि शेवटच्या दोनपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून शब्द बघितल्यावर ओळखीचा वाटतो, पण गरजेच्या वेळी सुचत नाही.

मराठी माध्यमातून शिकून आता स्पर्धा परीक्षा, आयईएलटीएस (परदेशी शिक्षणासाठीची इंग्रजीची परीक्षा), आंब्याच्या निर्यातीचा पत्रव्यवहार किंवा होमस्टे अशा कारणांसाठी इंग्रजी वाढवणाऱ्या कोकणातल्या वाचकांसाठी हा क्रम दिला आहे. उदाहरणंही इथल्याच पावसाची, समुद्राची आणि बागायतीची आहेत, कारण ओळखीच्या विषयातला शब्द लवकर बसतो.

## तयारी: सुरुवातीच्या आठवड्यात करायची कामं

पाया तपासा. लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश, उघडा. त्यातल्या व्याख्या साधारण दोन ते तीन हजार सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात. कुठलीही दहा पानं काढा आणि प्रत्येक पानावरची एक व्याख्या वाचा. दहापैकी आठ व्याख्या दुसरा शब्द न शोधता कळल्या तर पाया पुरेसा आहे. निम्म्याच कळल्या तर ‘प्रगत’ शब्दांच्या मागे लागू नका. तीन-चार महिने सोप्या इंग्रजीतलं भरपूर वाचन करा. पाया कच्चा असताना घेतलेला अवघड शब्द टिकत नाही, कारण त्याला धरून ठेवणारे शेजारचे शब्दच माहीत नसतात.

कोश ठरवा. ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन कंटेम्पररी किंवा केंब्रिज अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स यांपैकी कोणताही एक घ्या. तिन्ही इंटरनेटवर मोफत बघता येतात आणि उच्चारही ऐकू येतो. इंग्रजी-मराठी कोश जवळ असू द्या, पण तो दुसऱ्या क्रमांकाला. त्यात बहुधा चार-पाच मराठी प्रतिशब्द एका ओळीत दिलेले असतात आणि कोणता कुठे चालतो ते कळत नाही.

कार्डं आणि डबा. ए-फोर कागदाचे चार तुकडे होतील एवढं कार्ड पुरतं. कागद जाड घ्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूही चालतात. जून ते सप्टेंबर कोकणातल्या दमट हवेत पातळ कागद वाकतो आणि जेल पेनची शाई पसरते, म्हणून साधं बॉलपेन वापरा. कार्डं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सोबत सिलिका जेलची पुडी टाका. डब्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करा. त्यांचा उपयोग सहाव्या पायरीत येईल.

मोबाइलवर करायचं असेल तर अँकी हे अ‍ॅप योग्य आहे. अँड्रॉइडवर ते मोफत मिळतं आणि एकदा घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. ज्या वाडीत रेंज खळ्याच्या एका कोपऱ्यातच येते तिथे ही सोय मोठी आहे. मात्र पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज गेली की मोबाइलही बंद पडतो. चालू आठवड्याची कार्डं कागदावर ठेवा, जुनी अ‍ॅपमध्ये.

वेळ बांधा. संध्याकाळी २५ मिनिटं वाचन आणि शब्द, सकाळी १० मिनिटं उजळणी. आठवड्यातले पाच दिवस नवे शब्द, सहाव्या दिवशी लेखन, सातव्या दिवशी फक्त उजळणी. आंबा काढणीच्या दिवसांत आणि गणपतीत नवे शब्द घेऊ नका, उजळणी मात्र चालू ठेवा. नवे शब्द महिनाभर थांबले तर काही बिघडत नाही. उजळणी महिनाभर थांबली तर मागच्या तीन महिन्यांचं काम विरघळतं.

> थांबा, तपासा: कोश ठरला? डबा तयार? दिवसातली वेळ घरच्यांना सांगितली? यातलं एकही राहिलं असेल तर पहिली पायरी दोन दिवस पुढे ढकला.

## पायरी १: दोनच विषय निवडा

‘सगळं वाचेन’ असं ठरवणाऱ्याला एकही शब्द दुसऱ्यांदा भेटत नाही. एकाच विषयावरचे आठ-दहा लेख लागोपाठ वाचले की त्या विषयाचे शब्द आपोआप परत परत समोर येतात, आणि हीच फुकटची उजळणी. म्हणून तीन महिन्यांसाठी दोनच विषय घ्या. एक तुमच्या परीक्षेचा किंवा कामाचा, दुसरा आवडीचा.

कोकणात राहणाऱ्याला हाताशी असलेले काही विषय:

- हवामान आणि समुद्र: ऑनसेट, इरॅटिक, प्रोलाँग्ड, गस्ट, स्वेल, इरोजन, इनंडेट
- मासेमारी: डिप्लीट, जुव्हेनाइल, बायकॅच, इम्पोज, एन्फोर्स, लाइव्हलिहूड
- आंबा-काजू बागायत: यील्ड, पेरिशेबल, रेसिड्यू, कन्साइनमेंट, सस्टेन, डिसऑर्डर
- किल्ले आणि पर्यटन: फोर्टिफाय, बॅस्टियन, सीज, रिस्टोअर, इन्स्क्राइब, फुटफॉल

वाचायचं कुठून? हवामान खात्याची इंग्रजी पत्रकं, इंग्रजी दैनिकांतल्या कोकणच्या बातम्या, दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांची इंग्रजी माहितीपत्रकं, युनेस्कोच्या संकेतस्थळावरचा मराठा लष्करी स्थळांचा मजकूर. २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या त्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, त्यामुळे अर्धा संदर्भ तुम्हाला आधीच माहीत असतो.

हवामानाचं पत्रक मला सुरुवातीला सर्वांत योग्य वाटतं. मजकूर लहान, भाषा ठरावीक, आणि प्रत्येक शब्दाला मोजलेला अर्थ. ‘हेवी’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘व्हेरी हेवी’ म्हणजे ११५.६ ते २०४.४ आणि ‘एक्स्ट्रीमली हेवी’ म्हणजे त्याहून जास्त. ‘आयसोलेटेड’ पाऊस म्हणजे फार तर २५ टक्के केंद्रांवर, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे २६ ते ५०, ‘फेअर्ली वाइडस्प्रेड’ म्हणजे ५१ ते ७५ आणि ‘वाइडस्प्रेड’ म्हणजे त्यापुढे. मराठीत आपण ‘तुरळक’ आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणून सोडून देतो. इथे शब्द नेमका वापरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लागते.

मजकूर पेलेल का, हे मोजा. २०० शब्दांचा उतारा घ्या आणि अनोळखी शब्द मोजा. चारपर्यंत असतील तर मजकूर आरामात वाचण्याजोगा आहे. पाच ते दहा असतील तर शब्द मिळवायला योग्य. दहाच्या वर गेले तर तो मजकूर बाजूला ठेवा, कारण तिथे वाक्याचाच अर्थ लागत नाही आणि संदर्भावरून अंदाज करता येत नाही.

## पायरी २: दोनदा वाचा, पहिल्यांदा कोश बंद

पहिलं वाचन सलग. अनोळखी शब्दाखाली पेन्सिलीची बारीक रेघ मारा आणि पुढे जा. दुसऱ्या वाचनात रेघ मारलेल्या प्रत्येक शब्दापाशी थांबा आणि अंदाज करा: तो नाम आहे की क्रियापद? वाक्याचा सूर चांगल्याकडे आहे की वाईटाकडे? मागच्या-पुढच्या वाक्यात त्याचं स्पष्टीकरण आलं आहे का? अंदाज समासात दोन शब्दांत लिहा.

अंदाज चुकला तरी चालेल. अंदाज करून मग खरा अर्थ बघितला की तो जास्त लक्षात राहतो. प्रत्येक शब्दाला थांबून कोश बघणाऱ्याचं वाचन तुटतं, आणि पानाच्या शेवटी लेख काय सांगत होता तेच हरवतं.

> सावधान: शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावताना जपून. सबमर्ज, इमर्ज, इमर्स यांत ‘बुडण्या’चा एकच लॅटिन धातू आहे, तो कळला की तिन्ही शब्द धरून ठेवता येतात. पण ‘इन’ लागलं की नकार, हा नियम फसवतो. इन्फ्लेमेबल म्हणजे पेट घेणारं, न पेटणारं नव्हे. इनव्हॅल्युएबल म्हणजे अत्यंत मोलाचं. धातू आणि उपसर्ग आठवणीसाठी वापरा, निकाल कोशावर सोडा.

## पायरी ३: पंधरातले पाच घ्या

एका लेखात पंधरा शब्दांखाली रेघ पडली असेल तर पाचच घ्या. बाकीचे कामाचे असतील तर पुन्हा भेटतील. निवडीला तीन प्रश्न:

१. हा शब्द गेल्या दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा दिसला का?
२. पुढच्या महिन्यात मी तो लिहिताना किंवा बोलताना वापरेन का?
३. तो माझ्या दोन विषयांपलीकडेही चालतो का?

दोन उत्तरं ‘हो’ असतील तर शब्द घ्या. ‘बॅस्टियन’ किल्ल्यापुरता आहे. इतिहासाचा अभ्यास असेल तर घ्या, नाहीतर ओळख पुरे. ‘सस्टेन’ मात्र बागायत, अर्थव्यवस्था, दुखापत, प्रयत्न अशा सगळीकडे चालतो, तो सोडू नका.

पदवी, संशोधन किंवा आयईएलटीएस हे लक्ष्य असेल तर अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली अकॅडेमिक वर्ड लिस्ट जवळ ठेवा. तिच्यात ५७० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची इतर रूपं) आहेत आणि ती सर्व विद्याशाखांच्या लेखनात येणारी आहेत. ही यादीसुद्धा पाठ करायची नाही. वाचनात भेटलेला शब्द तिच्यात असेल तर त्याला प्राधान्य द्यायचं, एवढाच तिचा उपयोग.

एका दिवशी सारखे शब्द घेऊ नका. एमिनंट आणि इमिनंट, मिटिगेट आणि मिलिटेट, किंवा एकाच अर्थाचे पाच शब्द एकत्र घेतले की ते एकमेकांत मिसळतात. आधी एक पक्का करा, दुसरा दोन आठवड्यांनी घ्या. ‘समानार्थी शब्दांचे गट’ छापलेली पुस्तकं या कारणानेच नव्याने शिकणाऱ्याला त्रास देतात. आधीच येणारे शब्द नीट वेगळे करायला मात्र ती चांगली.

## पायरी ४: कोशात काय बघायचं, कोणत्या क्रमाने

सर्वांत जास्त चुका इथे होतात. अर्थ दिसला की कोश बंद केला जातो. अर्थ हा पाचातला एक भाग आहे. क्रम असा ठेवा.

आधी शब्दाची जात. नाम, क्रियापद की विशेषण, आणि क्रियापद असेल तर त्याला कर्म लागतं का. ‘डिटेरिओरेट’ला कर्म लागत नाही. ‘पावसाने रस्ता खराब केला’ असं मनात धरून ‘रेन डिटेरिओरेटेड द रोड’ लिहिलं जातं, ते चूक. ‘द रोड डिटेरिओरेटेड ड्युरिंग द मान्सून’ हे बरोबर. पावसाला कर्ता करायचं असेल तर ‘डॅमेज’ घ्या.

मग उच्चार, आघातासह. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन मिळतं, इंग्रजीत एका अक्षराला जास्त. इकॉनमीत वजन ‘कॉ’वर, इकनॉमिकमध्ये ‘नॉ’वर. शेतमाल या अर्थाचं नाम असेल तर प्रॉड्यूस, वजन पहिल्या अक्षरावर. ‘उत्पादन करणे’ असेल तर प्रड्यूस, वजन शेवटी. सटल आणि डेट यांतला ‘बी’ मुका आहे, रिसीटमधला ‘पी’ही. कोशातलं ध्वनिचिन्ह दाबून तीनदा ऐका आणि तीनदा मोठ्याने म्हणा. चुकीचा उच्चार बसला की तोच शब्द कानावर पडला तरी ओळखू येत नाही.

तिसरा, वाक्यात बसणारा अर्थ. पहिला दिसलेला अर्थ उचलू नका. ‘यील्ड’चे निदान तीन वापर आहेत: झाडाने उत्पन्न देणे, दबावापुढे नमणे आणि रस्त्यावर दुसऱ्या वाहनाला वाट देणे. आंब्याच्या लेखात पहिला लागू, तोच घ्या. बाकीचे भेटतील तेव्हा त्यांची वेगळी कार्डं.

काही वेळा शब्दांतला फरक कोशापेक्षा विषय जास्त स्पष्ट करतो. हापूसमधला साका (गरात होणारा पांढरट, स्पंजासारखा भाग) इंग्रजी लेखनात ‘डिसऑर्डर’ म्हणून येतो, ‘डिसीज’ म्हणून नाही, कारण तो बुरशी किंवा जंतूमुळे होत नाही, फळाच्या आतल्या शरीरक्रियेत बिघाड होऊन होतो. भुरी मात्र ‘डिसीज’, कारण ती बुरशीची लागण. हे ज्याला माहीत आहे त्याच्या हातून हे दोन शब्द पुन्हा अदलाबदल होणार नाहीत.

चौथी, सोबतच्या शब्दांची जोडी. प्रत्येक शब्दाचे ठरलेले सोबती असतात. पाऊस ‘हेवी’, पण वारा ‘स्ट्राँग’. ‘हेवी विंड’ ऐकणाऱ्याला खटकतं. बंदी ‘इम्पोज’ होते, ‘एन्फोर्स’ होते आणि ‘लिफ्ट’ होते. धोका ‘पोझ’ केला जातो. ‘मिटिगेट’च्या पुढे रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स येतात, माणूस येत नाही. कोशातल्या उदाहरण-वाक्यांत जाड ठशात छापलेल्या जोड्या याच. निदान दोन जोड्या लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शब्दयोगी अव्यय हाही सोबतीच. इथे मराठी विभक्ती आपल्याला ओढते. ‘च्याबद्दल चर्चा’ म्हणून ‘डिस्कस अबाउट’, ‘वर भर देणे’ म्हणून ‘एम्फसाइझ ऑन’, ‘शी साम्य’ म्हणून ‘रिझेम्बल विथ’. तिन्ही ठिकाणी पुढचा शब्द नको. नाम आलं की मात्र तो परत येतो: ‘डिस्कशन अबाउट’, ‘एम्फसिस ऑन’, ‘रिझेम्ब्लन्स टू’. ‘कम्प्राइझ’ही असाच. ‘सिंधुदुर्ग डिस्ट्रिक्ट कम्प्राइझेस एट तालुकाज’ बरोबर, ‘कम्प्राइझेस ऑफ’ चूक, आणि ‘ऑफ’ हवाच असेल तर ‘कन्सिस्ट्स ऑफ’. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘डिस्पाइट ऑफ’मधला ‘ऑफ’ही काढून टाका.

शेवटी खूण. कोश शब्दाला फॉर्मल, इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, डिसअप्रूव्हिंग अशा खुणा लावतो. त्या न बघितल्यामुळे साध्या ईमेलमध्ये ‘एन्डेव्हर’ आणि ‘कमेन्स’ येतात. ‘ट्राय’ आणि ‘स्टार्ट’ जिथे पुरतात तिथे तेच चांगले. ‘प्रीपोन’, ‘आउटस्टेशन’, ‘पास आउट’ हे भारतात सर्रास चालतात आणि इथल्या कामकाजात त्यांची अडचण नाही. परदेशी खरेदीदाराला लिहिताना किंवा आयईएलटीएसमध्ये मात्र त्यांच्याऐवजी ‘ब्रिंग फॉरवर्ड’, ‘फ्रॉम आउट ऑफ टाउन’, ‘ग्रॅज्युएट’ असे पर्याय घ्या.

> थांबा, तपासा: जात, उच्चार, अर्थ, दोन जोड्या, खूण. एका शब्दाला तीन ते चार मिनिटं लागतात. एका मिनिटात उरकत असेल तर काहीतरी गाळलं जात आहे.

## पायरी ५: कार्ड बनवणं

पुढच्या बाजूला वाक्य लिहा आणि शब्दाच्या जागी रेघ सोडा. फक्त पहिली दोन अक्षरं द्या. वाक्य शक्यतो वाचलेल्या लेखातलंच, हवं तर थोडं लहान केलेलं. दर पावसाळ्यात मच्छीमारांसाठी येणाऱ्या इशाऱ्यातलं हे वाक्य बघा: ‘फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइझ्ड नॉट टू व्हें____ इन्टू द सी.’

मागच्या बाजूला:

- पूर्ण शब्द आणि त्याची जात: व्हेंचर, क्रियापद
- आघाताचं अक्षर अधोरेखित
- सोप्या इंग्रजीत पाच-सहा शब्दांचा अर्थ आणि मराठी इशारा: धोका पत्करून जाणे
- दोन जोड्या: व्हेंचर इन्टू, व्हेंचर आउट
- शब्दकुळातला एक सोबती: जॉइंट व्हेंचर, इथे तो नाम आहे
- तुमचं स्वतःचं एक वाक्य

या लेखात इंग्रजी शब्द देवनागरीत छापले असले तरी कार्डावर ते रोमन लिपीतच लिहा, नाहीतर स्पेलिंग कच्चं राहील. मराठी अर्थ लिहूच नये, असं काही शिकवणारे सांगतात. ते पटण्यासारखं नाही. मराठी इशाऱ्यामुळे अर्थ चटकन पकडता येतो, पण कार्डावर तो एकटा नको. ‘व्हेंचर = जाणे’ एवढंच लिहिणारा उद्या ‘आय व्हेंचर टू स्कूल’ लिहितो.

स्वतःचं वाक्य खऱ्या माहितीचं असू द्या. ‘ही व्हेंचर्ड देअर’ हे वाक्य काहीच सांगत नाही. ‘फ्यू टूरिस्ट्स व्हेंचर बियाँड मालवण’ यात माणसं आहेत, गाव आहे आणि एक मतही आहे.

## पायरी ६: उजळणीचं वेळापत्रक

डब्यातले पाच कप्पे म्हणजे पाच अंतरं: १ दिवस, ३ दिवस, ७ दिवस, १५ दिवस, ३० दिवस. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. वेळेवर आठवलं की पुढच्या कप्प्यात, नाही आठवलं की परत पहिल्यात. पाचव्या कप्प्यातून उत्तीर्ण झालेलं कार्ड बाहेर काढून वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा. पुढच्या उजळणीची तारीख कोपऱ्यात पेन्सिलीने लिहा. अँकी हेच काम स्वतः करतं.

आठवताना नियम एकच: कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणा. मनात ‘हो, माहीत आहे’ म्हणून उलटणं ही उजळणी नाही, ते नुसतं वाचन आहे. शब्द आठवला पण एकही जोडी सांगता आली नाही, तर कार्ड जागच्या जागी ठेवा, पुढे सरकवू नका.

रोज पाचच शब्द का, याचं गणित साधं आहे. प्रत्येक कार्ड निदान पाच वेळा हातात येतं. रोज पाच नवी म्हणजे काही आठवड्यांनी रोजची उजळणी सुमारे २५ कार्डांची, चुकलेली धरून तीस-पस्तीस. हे दहा-बारा मिनिटांत होतं. रोज पंधरा घेतले तर पंचाहत्तरच्या वर जातात आणि त्याच सुमाराला लोक डबा माळ्यावर टाकतात. पाच शब्द, आठवड्याला पाच दिवस, वर्षातले ४० आठवडे: हजार शब्द होतात. परीक्षा, आंबा आणि सणवार वगळूनसुद्धा.

> सावधान: चार दिवस चुकले तर सगळं थकलेलं एका बैठकीत उरकू नका. तीन दिवस नवे शब्द बंद ठेवा आणि रोज चाळीस कार्डांची मर्यादा धरून साठा संपवा. सुरुवात छोट्या अंतराच्या कप्प्यांपासून करा, तिथले शब्द आधी निसटतात.

दहा दिवसांत चार वेळा पहिल्या कप्प्यात परतणारं कार्ड फाडून नवं करा. बहुधा वाक्य कंटाळवाणं असतं, किंवा दुसऱ्या शब्दाशी गोंधळ होत असतो. वाक्य बदलून पुन्हा घ्या. तरीही बसत नसेल तर तो शब्द सोडून द्या.

## पायरी ७: लिहा आणि बोला

उजळणीतून शब्द आठवायला लागतो. वाक्य रचताना तो आपोआप येण्यासाठी वेगळा सराव लागतो.

लेखन, आठवड्यातून एकदा. दुसऱ्या-तिसऱ्या कप्प्यातले पाच शब्द निवडा आणि १२० ते १५० शब्दांचा एकच परिच्छेद लिहा. विषय आधी ठरवा, शब्द नंतर बसवा. ‘पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या का बंद असतात’ हा एक चांगला विषय: सस्पेंड, रफ, स्वेल, व्हेंचर, रिझ्यूम असे शब्द त्यात न ओढता येतात. पाचातला एखादा बसतच नसेल तर गाळा. कोंबलेला शब्द चुकीच्या जोडीची सवय लावतो.

लिहून झालं की जोड्या तपासा. शंका असलेली जोडी अवतरणचिन्हांत टाकून इंटरनेटवर शोधा. निकाल किती आले ते बघू नका, कुणी लिहिलं आहे ते बघा. चांगली दैनिकं आणि विद्यापीठं ती जोडी वापरत असतील तर ठीक. एआयकडून तपासून घेत असाल तर ‘चुका कुठे आहेत ते दाखव, वाक्य बदलू नकोस’ असं सांगा. पूर्ण परिच्छेद नव्याने लिहून घेतला तर सराव त्याचा होतो, तुमचा नाही.

बोलणं, आठवड्यातून दोनदा. त्याच विषयावर मोबाइलवर एक मिनिट रेकॉर्ड करा. कागद समोर नको. ऐकताना दोनच गोष्टी बघा: नवा शब्द आला का, आणि आघात योग्य अक्षरावर पडला का. व्याकरणाच्या चुका या वेळी सोडून द्या. घरी किंवा शेजारी कुणी अभ्यास करणारं असेल तर एकमेकांना एक मिनिटाची मुलाखत द्या. समोरचा माणूस ‘म्हणजे काय?’ विचारतो तेव्हा शब्द सोप्या इंग्रजीत समजावून सांगावा लागतो, आणि तो चांगलाच पक्का होतो.

## पायरी ८: महिन्याची तपासणी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी बाहेर काढलेल्या गठ्ठ्यातली आणि पाचव्या कप्प्यातली मिळून कोणतीही २० कार्डं ओढा. प्रत्येकाला तीन प्रश्न: शब्द आठवला का, एक जोडी आली का, नवं वाक्य तोंडी करता आलं का. तिन्ही ‘हो’ असतील तरच गुण द्या.

- १६ किंवा जास्त: गती योग्य आहे, तशीच ठेवा.
- ११ ते १५: नवे शब्द रोज तीनवर आणा आणि लेखन आठवड्यातून दोनदा करा.
- १० किंवा कमी: दोन आठवडे नवे शब्द पूर्ण बंद. चौथी पायरी घाईत होते आहे का ते बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

अर्थ आठवतो पण जोडी येत नाही, असं अनेक कार्डांवर दिसलं तर कार्डाच्या पुढच्या बाजूचं वाक्य बदला आणि जोडीचा दुसरा शब्दही रिकामा ठेवा. उदाहरणार्थ, ‘द गव्हर्नमेंट लि____ द बॅ____ इन ऑगस्ट.’ शब्द येतो पण बोलताना अडतो, असं असेल तर कार्ड ठीक आहे, रेकॉर्डिंग वाढवा.

तीन महिने झाले की पहिल्या पायरीतली २०० शब्दांची मोजणी त्याच विषयाच्या नव्या, पण तेवढ्याच अवघड लेखावर पुन्हा करा. अनोळखी शब्द चारच्या आत आले असतील तर त्या विषयात आता फारसं नवं मिळणार नाही. दोनपैकी एक विषय बदला, दुसरा आणखी तीन महिने ठेवा. दोन्ही एकदम बदलले की जुने शब्द वाचनात भेटायचे थांबतात.